मोकळी बाजू

त्या वर्षी उन्हाळा आला तो जायचं नाव घेईना. पावसाचे दिवस कोरडेच गेले. ढग यायचे, डोकावायचे आणि उधारी मागणारा दारात दिसल्यासारखे पसार व्हायचे. विहिरींनी तळ दाखवला. बायका पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरू लागल्या. पण एकाचं मरण ते दुसऱ्याचं तोरण, हे काही खोटं नाही. विहिरी खणणाऱ्या दोघा भावांना मात्र त्या दिवसांत घास गिळायला फुरसत नव्हती.

थोरल्याला सगळे आमेनदादा म्हणायचे. कुणी नुसतं "आज ऊन फार आहे" म्हणालं, तरी हा डोळे मिटून "आमेन" म्हणून मोकळा व्हायचा. लोक मागे हसायचे. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. प्रार्थनाघरात तो पहिल्या बाकावर बसायचा, मंडळीच्या वडीलमंडळात होता, आणि रविवारी देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला उभा राहिला की पाळकांनी घड्याळाकडे पाहिल्याशिवाय खाली बसायचा नाही.

विहिरीचं काम घेतलं की त्याची एक रीत होती. आखलेल्या जागेवर पहार आडवी ठेवायची, सगळ्यांनी गुडघे टेकायचे, आणि त्याने प्रार्थना करायची. ती झाल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही. लागोपाठ कितीतरी विहिरींना पाणी लागलं. मग काय विचारता! आमेनदादाने तोंड उघडलं की जमिनीला पाझर फुटतो, असं चौफेर बोललं जाऊ लागलं. आता खरं सांगायचं तर जागा हेरायचा धाकटा. तो रानात दिवसभर भटकायचा, माती चोळायचा, झाडांच्या मुळांकडे बघायचा आणि एका ठिकाणी खूण म्हणून चप्पल काढून ठेवायचा. पण चपलेचं नाव कोण घेतो? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, आणि लोक कावळ्याला नमस्कार करतात. आपल्या कावळ्यालाही पुढे पुढे वाटू लागलं, की फांदी आपणच मोडली.

धाकट्याचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. तो कमी बोलणारा आणि खुशीत असला की शीळ घालणारा माणूस. एकाच घराचे मधे भिंत घालून दोन भाग केले होते. इकडे थोरला आणि थोरली, तिकडे धाकटा आणि धाकटी. मूलबाळ दोन्हीकडे नव्हतं. अंगण एक, मोरी एक, आणि भांडणं झालीच तर तीही एकत्रच व्हायची.

उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर प्रार्थनाघराच्या आवारातली विहीर आटली. मंडळीने नवी खणायची ठरवलं. थोरल्याने भर सभेत उभं राहून सांगितलं, "प्रभूच्या घरची विहीर. आम्ही भाऊ सेवा म्हणून खणू."

"मला विचारलंस तरी का?" घरी येताना धाकटा हसत म्हणाला.

"सेवेला काय विचारायचं?"

"बरं बाबा. आमेन."

काम सुरू झालं. धाकटा आणि थोरला खाली, वर रहाटावर गप्प्या. गप्प्या म्हणजे त्यांचा जुना दोरवाला. त्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं म्हणून हे नाव. वरचा मुरूम कठीण होता, पहारीने ठणठण आवाज काढत निघाला. त्याच्याखाली मात्र पिवळी, भुसभुशीत माती लागली. हात लावावा तर साखरेसारखी सुटायची. अशी माती लागली की पुढे खणायचं नाही, आधी कडेने फळ्या मारायच्या, आडवे टेकू ठोकायचे, मग खाली जायचं. त्यांच्या बापाने दोघांना हे चालायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं.

शनिवारी फळ्या कमी पडल्या. तीन बाजू झाल्या, चौथी तशीच राहिली. मंडळीतल्या सुताराने उरलेल्या फळ्या आणून टाकल्या तेव्हा दिवस मावळला होता.

धाकटा वर आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "दादा, उद्या सकाळी लवकर येऊन ही बाजू मारून टाकू. तास दोन तासांचं काम. उपासनेच्या आत होईल."

"उद्या रविवार."

"म्हणूनच म्हणतो, लवकर येऊ."

"रविवारी हत्याराला हात लावायचा नाही. आजवर लावला नाही, आणि प्रभूच्याच विहिरीवर लावू?"

"अरे, माती रविवार पाळत नाही. रात्रभर आणि दिवसभर मोकळी राहिली तर वाळून सुटेल."

"सांभाळणारा तो आहे."

"तो सांभाळतो रे. पण फळी आपणच ठोकायची असते ना?"

गप्प्या दोर गुंडाळत ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा गप्प होता. गप्प्यासमोर धाकट्याने आपल्याला शिकवावं, हे थोरल्याला लागलं. "तुझा विश्वास लहान आहे," तो म्हणाला. "म्हणून तुला भीती वाटते." धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि चप्पल शोधू लागला. त्या रात्री शीळ ऐकू आली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. रविवारी थोरला साक्ष द्यायला उभा राहिला आणि त्याने तीच गोष्ट सांगितली. मनुष्यबुद्धी म्हणत होती फळी मार, पण मी म्हटलं, नाही, ती बाजू आम्ही प्रभूच्या हातावर मोकळी सोडली आहे. मंडळी हलली. बायकांनी डोळे पुसले. कुणीतरी मागून मोठ्याने "स्तुती असो" म्हटलं. धाकटा शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्याच्या बाजूला बसलेली धाकटी सरळ थोरल्याकडे बघत होती.

सोमवारी सकाळी तिघे विहिरीवर गेले. फळ्या काठावर पडल्या होत्या. थोरल्याने पहार आडवी ठेवली, गुडघे टेकले आणि डोळे मिटले. आठवड्याची सुरुवात, शिवाय कालची साक्ष अजून अंगात होती. प्रार्थना लांबली. धाकट्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग ऊन चढायच्या आत बाजू मारून घ्यावी म्हणून फळी खांद्यावर घेऊन तो खाली उतरला. दादाची प्रार्थना मोडू नये म्हणून हाकसुद्धा मारली नाही.

आवाज फार मोठा नव्हता. धान्याचं पोतं कलंडावं तसा. थोरल्याला वाटलं गप्प्याने टोपलं टाकलं. त्याने डोळे उघडले नाहीत. गप्प्या किंचाळला तेव्हा उघडले.

हातांनी उकरून धाकट्याला बाहेर काढला. थोरल्याच्या बोटांची नखं गेली. धाकटा जिवंत होता, तोंडात माती होती, डोळे टक्क उघडे होते. "पाय सापडत नाहीत रे," तो म्हणाला, चप्पल सापडत नसल्यासारखं.

पाठीचा कणा मोडला होता. इस्पितळात बरेच दिवस काढले. शेवटी डॉक्टरांनी थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं की कमरेखाली आता काही यायचं नाही. घरी न्या, स्वच्छ ठेवा, दर दोन तासांनी कूस बदला. एकदा का पाठीला जखम पडली, तर ती जखमच माणसाला नेते.

घरी आणलं. धाकट्याच्या खोलीतली खिडकीशेजारची जागा मोकळी करून खाट लावली. सुरुवातीला सगळी मंडळी लोटली. कुणी फळं आणली, कुणी चादर. "देवाच्या इच्छेशिवाय पानसुद्धा हलत नाही." "तो आवडत्यांचीच परीक्षा घेतो." "यातही काही चांगलं असेल." धाकटा छताकडे बघत पडायचा. धाकटी चहा करून करून दमायची. त्या मोकळ्या बाजूचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं. ज्यांनी रविवारी डोळे पुसले होते त्यांच्याही गळ्यात ती अडकली असणार. हळूहळू लोक यायचे थांबले. दुखणेकऱ्याला भेटायला सगळे येतात, दुखणं राहायला आलं की कुणी येत नाही.

उरला थोरला. धाकटी नाजूक हाडाची होती, तिला एकटीला धाकट्याचं जड शरीर हलवता येईना. थोरला दिवसातून कितीदातरी भिंतीपलीकडे जायचा. पहिल्यांदा त्याने भावाचं अंथरूण साफ केलं तेव्हा मोरीवर जाऊन ओकला. आयुष्यभर त्याने मोठीमोठी कामं केली होती. वाकून कुणाचं घाण कापड कधी धुतलं नव्हतं, स्वतःचंसुद्धा नाही. थोरली दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "नाकाने श्वास घेऊ नका. तोंडाने घ्या." बायकांना या गोष्टी कुठून कळतात देव जाणे.

एकदा धाकटी बाहेर कपडे वाळत घालत होती. थोरल्याने भावाला उजव्या कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी लावली आणि तसाच थांबला. इतके दिवस तोंडाशी आलेलं बोलायचं होतं.

"मी तुझी माफी..."

"मागू नकोस," धाकटा भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"ऐकून तर घे."

"मागितलीस तर द्यावी लागेल. आणि माझ्याकडे नाहीये, दादा. खरंच नाहीये. उगाच दिली म्हणेन, आणि तू ती घेऊन जाशील."

थोरला उशी सारखी करत राहिला. त्या दिवसापासून त्याला जगात दुसरं काही नको झालं. पाणी नको, पाऊस नको, मान नको. भावाच्या तोंडून तेवढा एक शब्द हवा होता.

त्याची प्रार्थना चालूच होती. आधी त्याने देवाशी सौदा केला. माझे पाय घे, त्याचे दे. मग उपास धरले. पोट पाठीला लागलं. थोरली म्हणाली, "आता तुम्हालाही खाटेवर घालायचं का मी? आवरा." मग त्याने पुस्तकी शब्द सोडले आणि देवाला नाही नाही ते बोलला. तुझ्याच दिवसाचा मान राखला ना मी? तुझ्याच घरची विहीर होती ना? वरून ना हो आलं ना नाही. आधी त्याला वाटायचं आपण बोलतो तेव्हा समोर कुणी कान देऊन बसलेलं आहे. आता वाटायचं, आपण बंद दुकानाची फळी ठोठावतोय.

थोड्या दिवसांनी मंडळीतल्या कुणीतरी एका फिरत्या प्रचारकाला घरी आणलं. त्याच्या प्रार्थनेने लंगडे चालले, मुके बोलले, अशी त्याची ख्याती. पांढरा सदरा, घामाने काखेत पिवळा झालेला. खोलीत पंधरावीस माणसं दाटली. पाळक कोपऱ्यात अवघडून उभे होते. धाकटा म्हणाला, "मला नको." कुणी ऐकलं नाही. प्रचारकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आवाज चढवला आणि एकदम ओरडला, "उभा करा याला!"

चौघांनी उचलला. त्या चौघांत थोरला होता. त्याला तेव्हा खरोखर वाटलं, की होईल. पायांत जीव येईल, आणि सगळं, शनिवार, रविवार, सोमवार, पुसून जाईल. त्याने भावाला काखेत धरून उभा केला. पाय ओल्या कपड्यासारखे लोंबले. "टाक पाऊल!" प्रचारक ओरडला. कुणाच्या तरी पायात लघवीची नळी अडकली आणि ओढली गेली. रक्त आलं. धाकट्याच्या धोतरावर, थोरल्याच्या पायांवर, जमिनीवर सगळं सांडलं. लोक मागे सरले. एक बाई नाकाला पदर लावून बाहेर गेली.

प्रचारकाने कपाळ पुसलं. "या घरात कुणाचा तरी अविश्वास आडवा येतोय," तो म्हणाला आणि त्याने धाकटीकडे पाहिलं.

धाकटीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "बाहेर व्हा," ती म्हणाली. "सगळे."

सगळे गेले. थोरला फरशी पुसायला लागला. धाकट्याचं अंग थरथरत होतं. तो म्हणाला, "तूही उचललंस."

"हो."

"मी नको म्हटलं होतं. शनिवारीही मी म्हटलं होतं. तू माझं कधी ऐकलंस रे?"

थोरल्याने फडका बादलीत पिळला. तो पुसत राहिला.

"या खोलीत यापुढे प्रार्थना नको. डोळे मिटायचेत तर तुझ्या बाजूला जाऊन मीट. इथे आलास की डोळे उघडे ठेव."

तेव्हापासून तो या खोलीत नुसता काम करायचा. उघड्या डोळ्यांनी बघितलं की बरंच दिसतं. भावाची खालची दाढ दुखते, म्हणून तो एका बाजूने चावतो. उजवी कूस नकोशी असते, कारण त्या बाजूने भिंत दिसते आणि खिडकी दिसत नाही. धाकटी उभ्याने जेवते. या सगळ्यासाठी त्याने कधी देवापुढे एक शब्द टाकला नव्हता, कारण ते त्याला कधी माहीतच नव्हतं. त्याने खिडकी पायथ्याशी येईल अशी खाट फिरवून लावली, म्हणजे दोन्ही कुशींवर खिडकी दिसावी.  त्या दुपारी धाकटा बराच वेळ बाहेर बघत होता.

तरीही थोरल्याच्या मनाला चैन नव्हतं. एका शनिवारी तो भावाला म्हणाला, "उद्या मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगणार आहे. तू म्हणाला होतास फळी मारू, मीच नाही म्हणालो. माझ्या गर्वाने झालं. सगळं सांगणार."

धाकटा हसला. कित्येक दिवसांनी हसला, पण ते हसू बघवणारं नव्हतं.

"सांग की. म्हणजे परत तूच उभा राहणार. परत तूच बोलणार. लोक परत डोळे पुसतील. तुझ्या पाठीवर हात ठेवतील, म्हणतील, बघा, केवढं मोठं मन. आणि मी इथे पडून राहणार. माझ्या मोडलेल्या पाठीचीसुद्धा तू साक्षच करणार का रे?"

थोरल्याला कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं. कारण शब्द न् शब्द खरा होता. काय बोलायचं ते त्याने जुळवूनही ठेवलं होतं, कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा. त्याची त्याला शिसारी आली. दुसऱ्या दिवशी तो प्रार्थनाघरात गेला आणि शेवटच्या बाकावर बसला. पाळकांनी साक्षीसाठी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं. आमेनसुद्धा म्हटलं नाही. लोकांनी काय अर्थ काढायचा तो काढला. काहीजण म्हणाले, आमेनदादाचा विश्वास ढळला.

पुढे मंडळीने यंत्र आणून ती विहीर पुरी केली. फळ्या, टेकू सगळं रीतसर. पाणी लागलं, आणि चांगलं लागलं. जागा धाकट्याने धरली होती, ती चुकणार कशी? विहीर देवाला अर्पण करायच्या दिवशी पाळक स्वतः थोरल्याला बोलवायला आले. भला माणूस, मनाने मऊ. दोघे अंगणात उभ्याने बोलत होते.

"उपकारस्तुतीची प्रार्थना तुम्हीच करावी अशी मंडळीची इच्छा आहे."

"मला जमणार नाही, पाळकसाहेब. त्याची कूस बदलायची वेळ असते ती."

पाळक जरा घुटमळले. मग म्हणाले, "बरेच दिवस मनात आहे म्हणून बोलतो. त्या शनिवारी मला विचारायचं होतंत. मी म्हटलं असतं, मारा फळ्या. माणसाचा जीव राखणं हीसुद्धा उपासनाच की. मीच आलो असतो फळ्या धरायला."

 इतके दिवस थोरल्याच्या मनात कुठेतरी तळाशी एक आधार होता, की निदान आपण देवाचा दिवस तरी राखला. तोही गेला. देवाने मागितलंच नव्हतं ते त्याने देवाला दिलं होतं, आणि दिलं ते भावाच्या पाठीतून काढून. तो "बरं" म्हणाला. पाळक गेल्यावर तो मोरीवर जाऊन रिकाम्या बादलीशेजारी बसला आणि तोंडात पंचा कोंबून रडला. आत धाकट्याला ऐकू जाऊ नये एवढंच त्याला वाटत होतं.

इतकं जपूनही पाठीला जखम पडलीच. आधी नाण्याएवढी लाल, मग काळी, मग आत खड्डा. थोरला ती रोज धुवायचा. माती उकरलेल्या हातांना आता कापसाचं काम जमायला लागलं होतं. ताप चढायला लागला. डॉक्टर येऊन बघून गेले आणि दारात धाकटीला म्हणाले की आता त्यांना हवं ते खायला द्या. ती आत आली आणि नवऱ्याला विचारलं, "काय खावंसं वाटतं?" तो म्हणाला, "काही नाही. तू बसून जेव." ती खाटेशेजारी बसून जेवली. घास गिळत होती आणि डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं.

एका सकाळी ताप जरा उतरला होता. थोरला जखम बांधत होता.

"दादा," धाकटा म्हणाला. "मेल्यावर पुढे काही आहे का रे?"

या प्रश्नाचं उत्तर थोरल्याने जन्मभर दिलं होतं. किती मयतांत, किती खाटांशेजारी, धडाधड, पाठ केल्यासारखं. आताही ते जिभेवर आलं. त्याने ते गिळलं.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "आहे असं मी सगळ्यांना सांगायचो. असावं असं फार वाटतं. पण ठाऊक नाही."

धाकट्याने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग अजून त्याच्याशी बोलतोस का? पलीकडे, तुझ्या बाजूला?"

"रोज."

"काय बोलतोस?"

"आता काही मागत नाही. विचारतो फक्त."

"उत्तर येतं?"

"नाही."

"तरी विचारतोस?"

"दुसऱ्या कुणाला विचारू? आणि न विचारता मला राहवत नाही."

 बाहेर धाकटी अंगण झाडत होती, तो खराट्याचा आवाज धाकटा ऐकत असावा.

"मग माझं पण विचार," तो म्हणाला. "म्हणावं, माझं काय चुकलं? मी फळी मारू म्हटलं होतं. मी दादाचं ऐकलं. मी खाली उतरलो तेही फळीच मारायला. मग माझं काय चुकलं? हे विचार. इथेच विचार, मला ऐकू दे."

थोरला खाटेशेजारी जमिनीवर बसला. त्याने भावाचे शब्द जसेच्या तसे, एकही न बदलता मोठ्याने विचारले. पुढे स्वतःचं काही जोडलं नाही. माफ कर नाही, दया कर नाही.

दोघे थांबले. खराटा चालू होता.

"परत विचार," धाकटा म्हणाला. "त्याला ऐकू आलं नसेल."

त्याने परत विचारलं. धाकट्याचे डोळे मिटत आले होते. त्याने हात जरासा पुढे सरकवला, थोरल्याने तो धरला. माफीचा शब्द आला नाही. थोरल्याने त्याची वाटही पाहिली नाही. तो हात धरून विचारत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा गेला. धाकटी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, थोरली पाय धरून.

पाळक आले. मंडळी आली. सगळं रीतीप्रमाणे होऊ लागलं. निघायच्या आधी पाळकांनी थोरल्याला बाजूला घेतलं. "शेवट शांतीने झाला ना? शेवटी काही बोलला का? मयतात दोन शब्द सांगता येतील. लोकांना आधार वाटतो."

"विचारत होता, माझं काय चुकलं."

पाळकांचा चेहरा पडला. "आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"त्याने मला विचारलं नव्हतं. देवाला विचारलं होतं." थोरला म्हणाला. "मला विचारलं असतं तर उत्तर होतं. त्याचं काही चुकलं नाही. शांतीने गेला असं सांगू नका, पाळकसाहेब. तो तसा गेला नाही."

पाळकांनी पुस्तक छातीशी धरलं. मयतात त्यांनी फक्त नेमलेला पाठ वाचला आणि थांबले. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. आमेनदादा दोन शब्द बोलतील म्हणून काहींनी मागे वळून पाहिलं. तो माती लोटत होता.

संध्याकाळी माणसं पांगली. थोरला सवयीने भिंतीपलीकडे गेला. खाट रिकामी होती. धाकटी चादरींची घडी घालत होती. त्याने खालची बादली उचलली.

"ठेवा ती," धाकटी म्हणाली.

"रिकामी करून आणतो."

"मी करीन. पाणीही मी आणीन." तिने घडी घातलेली चादर खाटेवर ठेवली. आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. "तुम्ही त्यांचं सगळं केलंत. मी बघितलंय, नाही म्हणत नाही. पण ते होते तोवर मला तुम्ही चालत होतात. आता या बाजूला येऊ नका, दादा. तुम्हाला बघितलं की मला तो रविवार दिसतो. लोक टाळ्या वाजवायचे बाकी होते."

तो बादली खाली ठेवून बाहेर आला. अंगणात थोरली उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि त्याचं ताट वाढायला लागली. त्याला भूक नव्हती.

आपल्या खोलीत तो जमिनीवर बसला. गुडघे टेकले नाहीत, डोळे मिटले नाहीत. स्वतःसाठी विचारावं असं आता त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. पण भावाने आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एक काम सांगितलं होतं, आणि ते अजून पुरं झालं नव्हतं. भिंतीपलीकडे धाकटी खाट ओढत होती, तो आवाज थांबेपर्यंत तो थांबला.

"त्याचं काय चुकलं?" त्याने विचारलं.

उत्तर आलं नाही. सकाळी उठून त्याने पुन्हा विचारलं.